दाढेच्या इंजेक्शनाची अकरा वर्षं

दाढ काढताना हिरडीत टोचतात ते लिडोकेन बहुतेकांच्या ओळखीचं. ओठ जड होतो, गाल सुजल्यासारखा वाटतो, दोनेक तासांत सगळं उतरतं. हेच जुनं, स्वस्त औषध स्तनाच्या कर्करोगात काही करू शकेल का, हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ पासून तपासायला घेतलं.

गाठ काढताना ती हलते, दाबली जाते. तेवढ्यात काही पेशी सुटून रक्तात उतरल्या आणि पुढे हाडांत किंवा फुप्फुसात रुजल्या तर? पेशीच्या आवरणात सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. मज्जातंतूंमधली ही दारं लिडोकेन बंद करतं, म्हणून दुखत नाही. कर्करोगाच्या पेशींनाही अशी दारं असतात आणि पेशींच्या पसरण्याशी या दारांचा संबंध आहे, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटं गाठीच्या सर्व बाजूंनी ०.५ टक्के लिडोकेन टोचायचं. करायचं ते एवढंच.

सिद्ध करणं मात्र सोपं नव्हतं. फायदा शंभरात तीन-चार जणींनाच होणार असेल, तर शे-दोनशे रुग्णांत तो दिसतच नाही, योगायोगात बुडून जातो. म्हणून देशातली ११ केंद्रं एकत्र आली, १६०० स्त्रिया सहभागी झाल्या. इंजेक्शन कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनी नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. नाहीतर नकळत धडधाकट रुग्ण एकाच गटात जमतात आणि निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

निकाल २०२२ मध्ये जाहीर झाला. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. काही रुपयांच्या औषधानं शंभरांतल्या जवळपास चौघी वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण या औषधाचं पेटंट कुणाकडेच नाही, त्यामुळे चाचणीवर इतका खर्च कुठली कंपनी कशाला करेल? असे प्रश्न सार्वजनिक रुग्णालयांनीच विचारायला हवेत. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे आणि या चाचणीला पैसाही तिथूनच मिळाला.

रुग्णांची गर्दी असली की संशोधन आपोआप होतं, असं मात्र नाही. तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, जिथे रोग पसरू शकतो) आधीच काढाव्यात की रोग तिथे दिसेपर्यंत थांबावं, यावर शल्यविशारदांमध्ये कित्येक वर्षं दुमत होतं. तंबाखूमुळे असे रुग्ण आपल्याकडे अमाप, तरी नेमकं उत्तर मिळालं ते टाटा मेमोरियलच्याच डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूनं रीतसर चाचणी केली तेव्हा, २०१५ मध्ये. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

२०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यात, आज ३०० हून अधिक रुग्णालयं, संस्था आहेत. जाळं तयार आहे. मला काळजी वाटते ती फॉलोअपची. बाई गावी परतते, मोबाइल नंबर बदलतो, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी परवडत नाही म्हणून तपासणी राहते. तिला शोधून काढून ‘ताई, कशी आहे तब्येत?’ असं विचारणारा माणूस नसेल, तर त्या नावापुढचा रकाना कोराच राहतो. नवं मशीन घ्यायला देणगीदार पुढे येतात, तसे या माणसाच्या पगारासाठीही यायला हवेत.