टार्गेटची रेघ आणि कंट्रोल लिमिट: डॅशबोर्डवरचा लाल रंग कशाचा?

चाकण-भोसरीतल्या एखाद्या शॉपफ्लोअरवर क्वालिटीवाल्याला विचारा, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स आणि कंट्रोल लिमिट एकच ना? तो हसेल. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते गिऱ्हाईक ठरवतं; कंट्रोल लिमिट, म्हणजे नेहमीच्या चढउताराची हद्द, मशिनच्या स्वतःच्या आकड्यांतून निघते. 1924 साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट (आकडे या हद्दीत आहेत का ते दाखवणारा आलेख) मांडला, तेव्हापासूनचा हा धडा. पण त्याच कंपनीच्या मीटिंग रूममध्ये पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमधला डॅशबोर्ड उघडला की हा फरक कुणाच्या गावीही नसतो. तिथे टार्गेटची एकच रेघ. खाली गेलं की लाल.

समजा, वेळेवर डिस्पॅचचं टार्गेट 95 टक्के आणि आठ आठवड्यांचे आकडे असे: 93, 96, 92, 95, 91, 94, 96, 93. पाच लाल, तीन हिरवे. 91 ला डिस्पॅचवाल्याला फैलावर घेतात, पुढे 94 आला की साहेब म्हणतात, "बघा, बोललं की काम होतं!"

आता लिमिट काढू. सरासरी 93.75. लागोपाठच्या आठवड्यांतल्या फरकांची सरासरी 3.14; तिला 2.66 ने (अशा चार्टसाठीचा ठरलेला गुणक) गुणलं की साधारण 8.4; सरासरीच्या खाली-वर एवढं अंतर ही लिमिट. म्हणजे खालची लिमिट 85 च्या आसपास. वरची 100 च्या पुढे जाते, ती सोडून द्या. (आठ आकड्यांवरची लिमिट कच्चीच, वीसेक आठवडे झाले की पुन्हा काढावी.) या हिशेबाने आठांतला एकही आठवडा वेगळा नाही. 91 आणि 96 एकाच व्यवस्थेतून आलेत. बोलणी खाल्ली नसती तरी बहुधा 94 च्या आसपासच आकडा आला असता.

म्हणून काय चाललंय ते बरंय? मुळीच नाही. सरासरी टार्गेटच्या खालीच आहे. पण ती वर न्यायची तर पॅकिंगची पद्धत, ट्रक लागायची वेळ, ऑर्डर सोडायचा क्रम यांत हात घालावा लागेल; एकट्या 91 चा पंचनामा करून ती हलणार नाही. 82 आला, तर मात्र त्याच आठवड्यात काय घडलं ते खोदून काढा.

काही जण टार्गेटलाच 'एलसीएल' (लोअर कंट्रोल लिमिट, म्हणजे खालची लिमिट) असं लेबल लावतात. हा तर कहर.

डॅशबोर्डमागच्या डेटालाही हेच लागू. रोज रात्री डॅशबोर्डसाठी डेटा भरला जातो, त्यात ठरावीक आकड्यापेक्षा कमी ओळी आल्या तर अलर्ट, असं कुणीतरी अंदाजाने बसवलेलं असतं. इकडे एमआयडीसीत बहुतेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे दर गुरुवारी अलर्ट वाजणार, आणि महिन्याभरात टीम ते मेल न उघडताच डिलीट करायला लागणार. मग एखाद्या मंगळवारी खरोखरच अर्धा डेटा गायब झाला तरी कुणाला पत्ता नाही. गुरुवारच्या ओळींची लिमिट वेगळी, बाकी दिवसांची वेगळी काढली की दर गुरुवारचा अलर्ट गप्प बसतो, आणि वाजला की लोक मेल उघडतात.