गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही

माझी भाची दहावीपासून लोहाच्या गोळ्या खातेय आणि हिमोग्लोबिन काही अकराच्या वर जायला तयार नाही. ताईने बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सगळं करून बघितलं, घरात सगळे तिलाच बोलायचे की आमच्या इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे खाऊगल्लीत, जाऊन अरबट-चरबट खाते, नीट जेवत नाही म्हणून असं होतं. आता लग्न ठरलं तेव्हा मी तिचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट नीट बघितला. हिमोग्लोबिन 10.4. खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 61, म्हणजे पेशी फारच लहान, साधारण 80 ते 100 पाहिजे. पण पेशींची संख्या 59 लाख, भरपूर!

गोम इथेच आहे. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि संख्याही बहुतेक कमीच राहते, थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जीनच्या दोन प्रतींपैकी एक आईवडिलांकडूनच बिघडलेली आली असेल तर, मात्र पेशी लहान आणि संख्या जास्त. 61 ला 5.9 ने (59 लाख म्हणजे 5.9 दशलक्ष) भागा, दहाच्या आसपास येतं, हा आकडा 13 च्या खाली असला तर संशय घ्यायचा, 1973 पासून डॉक्टर हा हिशोब वापरतात. खात्री मात्र एचबी ए2 टेस्टनेच होते, त्यात हिमोग्लोबिनचा ए2 हा प्रकार किती टक्के आहे ते मोजतात. तिचं 5.2 टक्के आलं, 3.5 च्या वर म्हणजे कॅरिअर, बिघडलेला जीन बाळगणारी पण स्वतः आजारी नसलेली. इतकी वर्षं कोणी ही एक टेस्ट सांगितली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारा जीन 11 नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. हिची एक बिघडलेली आहे. असं समजा की पीठ कमी नाहीये, दोन तव्यांपैकी एक तवा खराब आहे, मग पीठ कितीही मळा पोळ्या तेवढ्याच होणार. बाकी ती ठणठणीत आहे, मायनर म्हणजे आजारी नव्हे, हे नातेवाईकांना सांगून सांगून मी थकलो.

प्रश्न येतो तो नवराही कॅरिअर असला तर. मग प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता की बाळाला दोन्ही खराब प्रती मिळतील, आणि प्रत्येक म्हणजे प्रत्येक, एकाला झालं म्हणून पुढची तिघं सुटली असं नसतं. असं बाळ जन्मतः छान दिसतं कारण पोटातलं हिमोग्लोबिन वेगळ्या साखळीचं असतं, ते ओसरलं की सहा महिन्यांनंतर कधीतरी पांढरं पडायला लागतं. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातलं लोह हृदयात-लिव्हरमध्ये साठतं ते काढायला रोज औषध.

इंदूरमध्ये लोक म्हणतात हे सिंध्यांचं असतं. त्यांच्यात जास्त आहे हे खरं, पण आपल्या मराठी घरांतही सापडतं, आमच्याच घरात सापडलं ना. आणि इथून जवळच झाबुआ-अलीराजपूरकडे जो सिकल सेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार) आहे तो याच जीनमधला दुसरा बिघाड, एकाकडून हा आणि दुसऱ्याकडून तो आला तरी मूल आजारी होतं. कॅरिअरला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळायचं म्हणून हे बिघाड पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

मुलाकडे ताईने स्वतः फोन करून सगळं सांगितलं, घाबरत घाबरतच. तो दुसऱ्याच दिवशी टेस्ट करून आला, 2.6 टक्के, बाकी सीबीसीही नॉर्मल. आता ताई, भाऊजी आणि धाकट्या भाच्याची राहिलीय, रविवारी तिघांना घेऊन जातोय.