कॉम्प्रेसर तापतो म्हणजे नेमके काय तापते : मोटर की हेड?

कॉम्प्रेसर चालता चालता बंद पडतो, हात लावावा तर चटका बसतो, आणि दुरुस्तीला आणणारा एवढेच सांगतो की मशीन तापते आहे. फर्निचरच्या कामावर किंवा रंगाच्या स्प्रेगनसाठी वापरल्या जाणाऱ्या, २४ किंवा ५० लिटर टाकीच्या, चाकांवरच्या पिस्टन कॉम्प्रेसरबाबत ही तक्रार नेहमीची आहे. मात्र या एकाच वाक्याआड दोन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. एकात विजेची मोटर तापते, तर दुसऱ्यात हवा दाबणाऱ्या पंपाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. हे दोन्ही भाग एकमेकांना जोडूनच बसवलेले असल्यामुळे एकाची उष्णता थोड्या वेळात दुसऱ्यात उतरते आणि नुसत्या हाताने दोष ओळखता येत नाही. (टाकीत ८ बार दाब झाल्यावर मशीन थांबते आणि दाब ६ बारच्या आसपास उतरला की पुन्हा सुरू होते, हे प्रेशर स्विचचे नेहमीचे काम आहे, तो बिघाड समजून मशीन घेऊन येणारेही भेटतात.)

हेड गरम होणे हा मुळात दोष नाही. हवा दाबली की ती तापतेच. ३० अंश सेल्सिअसची हवा ८ बार दाबापर्यंत नेली आणि त्या दरम्यान उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान सुमारे २९५ अंश येते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पट्ट्या (फिन्स) आणि त्यांवर वारा घालणारा पंखा बरीच उष्णता काढून घेतात, म्हणून हवा इतकी तापत नाही; पण त्या फिन्समध्ये लाकडाचा भुसा आणि रंगाची धूळ बसली, किंवा मशीन भिंतीला टेकवून ठेवले, तर हा बचाव दुबळा होतो.

खरा त्रास सुरू होतो तो व्हॉल्व्ह प्लेटवरील, हवेची वाट उघडणारी-मिटणारी पातळ पोलादी पत्ती तुटली, वाकली किंवा तिच्याखाली काजळी बसली म्हणजे. मग दाबलेली गरम हवा पूर्णपणे पुढे न जाता सिलिंडरमध्ये परत येते, पुन्हा दाबली जाते आणि आणखी तापते. सेवन (हवा आत घेणे) आणि निकास (दाबलेली हवा बाहेर सोडणे) या दोन कप्प्यांमधील गॅस्केट फाटले तरी हेच घडते. सेवनाच्या बाजूची पत्ती गेली असेल तर एअर फिल्टरसमोर तळवा धरल्यावर हवा आत ओढली जाण्याऐवजी उलट फुंकर जाणवते. निकासाची पत्ती मात्र अशी खूण देतेच असे नाही. तेथे घड्याळ उपयोगी पडते. २४ लिटरची टाकी रिकामी असताना ८ बारपर्यंत भरायला साधारण १९२ लिटर मोकळी हवा लागते, म्हणजे मिनिटाला खरोखर १०० लिटर हवा देणाऱ्या पंपाला सुमारे दोन मिनिटे. खोक्यावरचा आकडा बहुधा पिस्टनने व्यापलेल्या जागेचा असतो, मिळणाऱ्या हवेचा नव्हे. म्हणून मशीन नवे असतानाच टाकी भरण्याचा वेळ टाकीवर लिहून ठेवावा. तोच वेळ पुढे दीडपट झाला, तर दोष पंपात, फिल्टरमध्ये किंवा गळतीत आहे, हे मोटरला हात न लावता कळते.

मोटरचे तापणे वेगळ्या कारणाने होते. २ एचपीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर साधारण १० अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचसहापट. १ चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर वायर लावली, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारेचा मिळून रोध एक ओमपेक्षा थोडा अधिक भरतो; परिणामी सुरू होताना ५० व्होल्टच्या वर विजेचा दाब वायरमध्येच खर्ची पडतो. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १८० व्होल्टला तो साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. अशी मोटर घुमते, उचलत नाही, वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तापते आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटरला वाचवण्यासाठी वीज तोडणारा संरक्षक, तुटतो. जागा लांब असेल तर वायर नव्हे, हवेचा पाइप लांब घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. मोटरच्या अंगावर हात ठेवता येत नाही एवढ्यावरून ती जळत आहे असेही ठरत नाही, कारण ६० अंशांच्या पुढे हात टिकत नाही, आणि बी वर्गाच्या इन्सुलेशनचे वाइंडिंग १३० अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले असते.

दोन्हींतला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दोष पंपाकडचा आणि शिक्षा मोटरला. पत्ती गळत असल्यामुळे टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो, मोटरला विश्रांती मिळत नाही, ओव्हरलोड तुटतो, आणि मग मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर नवा, पुढे मोटरही नवी बसवली जाते, आणि तिचाही ओव्हरलोड तुटतो. दुसरे उदाहरण अनलोडरचे, म्हणजे मशीन थांबताना नळीतला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचे. मशीन थांबताना येणारा ‘फुस्स’ आवाज म्हणजे पंप आणि एनआरव्ही (टाकीतली हवा पंपाकडे परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) यांच्यामधील नळीतला दाब सोडला जाणे होय. तो आवाज आला नाही तर मोटरला पुढच्या वेळी भरल्या दाबावर सुरू व्हावे लागते. तो थांबतच नसेल तर एनआरव्ही गळत आहे.

म्हणून ओव्हरलोड तुटल्यावर आधी प्लग काढावा, कारण काही मोटरींतील संरक्षक थंड झाल्यावर आपोआप जुळतो आणि मशीन अवचित सुरू होते. अर्ध्या तासाने टाकीतली सगळी हवा सोडून, लांब वायर बाजूला ठेवून, थेट भिंतीच्या सॉकेटवर मशीन लावावे. रिकाम्या टाकीवरही ते नुसते घुमत राहिले तर व्होल्टेज, कपॅसिटर किंवा जाम झालेला पिस्टन पाहावा. रिकाम्या टाकीवर सहज सुरू होऊन दाब असताना अडत असेल तर अनलोडर आणि एनआरव्ही पाहावेत. दोन्ही वेळा सुरू होऊन टाकी भरायला उशीर लावत असेल, तर आधी साबणाच्या पाण्याने जोड तपासावेत, फिल्टर झटकावा आणि मगच हेडचे बोल्ट सोडावेत.