रहाडीतला धप्पा आणि स्कॅनमधला ठिपका

मावशीच्या पेट स्कॅनच्या रिपोर्टात लिहिलं होतं : फुप्फुसात 6 मिलिमीटरची गाठ, एवढ्या लहान गाठीबद्दल पेटवरून ठामपणे सांगता येत नाही. मावशी भडकली. "सकाळपासून उपाशी ठेवलं, सुई टोचली, तासभर गप्प बसवलं. आणि आता म्हणे सांगता येत नाही?"

तिचं चुकलं नव्हतं, पण रिपोर्टचंही नाही. सुईतून जातं ते साखरेसारखं द्रव्य, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं. त्यातून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, सरासरी अर्धा-पाऊण मिलिमीटर भटकतो, मग एखाद्या इलेक्ट्रॉनला भिडून दोघंही संपतात. तिथून दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जवळजवळ विरुद्ध दिशांना पळतात. त्या 'जवळजवळ'मध्येच गोची आहे : साधारण अर्ध्या अंशाचा फरक पडतो आणि मशीनच्या 80 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात तेवढ्याने पावणेदोन मिलिमीटरचा फराटा उमटतो. फोटॉन टिपणारे स्फटिकही सुमारे 4 मिलिमीटर रुंद. शिवाय तिरका आलेला फोटॉन एका स्फटिकातून निसटून शेजारच्यात नोंदवला जातो. सगळं मिळून बिंदूचा 4-5 मिलिमीटरचा ठिपका होतो, वर श्वासाबरोबर छाती हलते त्याने तो आणखी पसरतो. लहान गाठीचा उजेड आजूबाजूला सांडतो आणि ती असते त्याहून फिकी दिसते.

हा सांडलेला उजेड गणिताने परत गोळा करता येतो, बऱ्याच अंशी. नाशकात रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाने भरलेला हौद, आठवा. कुणी धप्पा मारला, म्हणजे आत उडी घेतली, की रंग चारी बाजूंना उडतो. समजा, तुम्हाला रहाड बघू दिली नाही, फक्त भोवतीच्या भिंतींवरचे डाग दाखवले आणि विचारलं, उडी कुठे पडली? तुम्ही अंदाज कराल, तिथे उडी पडली असती तर डाग कसे पडले असते ते मनात मांडाल, खऱ्या डागांशी ताडून पाहाल आणि अंदाज सरकवाल. पुन्हा तेच. शेप आणि वार्दी या संशोधकांनी 1982 मध्ये पेटसाठी मांडलेली पद्धत ही अशीच : डाग म्हणजे फोटॉनांच्या नोंदी. 1994 मध्ये हडसन आणि लार्किन यांनी नोंदींचे गट पाडून तिला वेग दिला.

पुढची युक्ती मला फार आवडते. मशीन बिंदूला कुठे किती फासतं हे आधीच मोजून ठेवायचं : बारीकसा किरणोत्सारी स्रोत कड्यात जागोजागी ठेवून. मग अंदाज करतानाच तो फराटा हिशेबात धरायचा. चित्र खरोखर रेखीव होतं. पण गाठीच्या कडेला नसलेली झळाळी चढते आणि लहान गाठीने किती द्रव्य ओढलं याचा आकडा फुगू शकतो. मागचा स्कॅन या युक्तीशिवायचा आणि आताचा तिच्यासह असेल, तर आजार न वाढताही आकडा वाढलेला दिसेल.

आणि डागच विरळ असतील तर? फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. हे द्रव्य मुंबईहून कसारा घाट चढून नाशकात यायला चार तास लागले, तर शंभरातलं बावीसच उरतं, म्हणून निघतानाच जास्त भरावं लागतं. नोंदी कमी पडल्या की अंदाज जितक्या वेळा सरकवाल तितके चित्रात दाणे वाढतात. नव्या मशीनमध्ये दोन फोटॉनांच्या पोचण्याच्या वेळेतला फरक मोजतात. 200 पिकोसेकंदांपर्यंत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) अचूक मोजला, तर उगम 3 सेंटिमीटरच्या आत बांधता येतो. ठिपका त्याने थेट बारीक होत नाही, दाणे मात्र कमी होतात.

मावशीला मी एवढंच म्हटलं, पुन्हा पेट करायला सांगितलं तर याच मशीनवर, याच सेटिंगवर कर. तिने विचारलं, "म्हणजे परत उपाशी?"

"हो."