पाया दोनदा घातलेलं मंदिर

१८ मार्च २०२० च्या सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी अमेरिकेतल्या युटा राज्याचं सॉल्ट लेक शहर हादरलं. धक्का ५.७ तीव्रतेचा, केंद्र पश्चिमेला मॅग्ना गावाजवळ. शहराच्या मध्यावर असलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंदिराच्या सर्वांत उंच मनोऱ्यावर सोन्याचा वर्ख चढवलेला मोरोनाय देवदूत १८९२ पासून तुतारी फुंकत उभा होता. त्याच्या हातातली तुतारी निखळून पडली. गंमत अशी, की याच मंदिराला भूकंपापासून वाचवायचं काम जेमतेम तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं.

पुढारी ब्रिगॅम यंग यांच्या मागोमाग मॉर्मन मंडळी १८४७ मध्ये या वैराण खोऱ्यात उतरली. १४ फेब्रुवारी १८५३ ला मंदिरासाठी कुदळ पडली आणि वास्तू पूर्ण व्हायला ६ एप्रिल १८९३ उजाडलं. चाळीस वर्षं! यंग १८७७ मध्ये गेले, वास्तुरचनाकार ट्रूमन एंजल १८८७ मध्ये. दोघांपैकी कुणालाच कळस दिसला नाही.

उशीर व्हायचं एक कारण पायातच होतं. १८५८ मध्ये अमेरिकी सैन्य शहरावर चालून येतंय म्हटल्यावर मॉर्मनांनी घातलेला पाया मातीखाली गाडला आणि वर नांगर फिरवला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शेतच आहे. सैन्य लढाई न करता निघून गेलं. पुढे पाया उकरला तेव्हा वालुकाश्मात भेगा दिसल्या. खराब झालेला भाग काढून १८६२ पासून कठीण दगडात पुन्हा बांधकाम सुरू झालं.

हा दगड आला सुमारे ३० किलोमीटरवरच्या लिटल कॉटनवुड दरीतून. लोक त्याला ग्रॅनाइट म्हणतात, भूवैज्ञानिक क्वार्ट्झ मॉन्झोनाइट. पांढुरका, त्यावर काळे ठिपके. पाथरवट ओळीनं भोकं पाडून त्यांत पाचरी ठोकत. मग दगड त्या ओळीवर उकलायचा. आपल्याकडच्या खाणीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मोठा चिरा असला की बैलगाडीच्या एका खेपेला चार दिवस जात. १८७३ मध्ये रेल्वे दरीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा कुठे बैल सुटले.

मुळात हा दगड वर आला कसा? सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीत खोलवर सावकाश थंड झाला. नंतर वासाच भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीतल्या लांबलचक भेगेच्या, पूर्वेकडची बाजू लाखो वर्षं, भूकंपागणिक काही फूट अशी वर सरकत राहिली. माथ्यावरचे थर झिजले, हिमनद्यांनी दरी कोरली आणि खडक उघडा पडला. म्हणजे मंदिराला दगड पुरवला तो भूकंपांनीच. तोच भ्रंश आज शहराला खेटून आहे. इथल्या मागच्या मोठ्या भूकंपाला तेरा-चौदाशे वर्षं झाली आहेत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकानं तर १८८३ मध्येच स्थानिक वर्तमानपत्रातून शहराला इशारा दिला होता. तेव्हा मंदिराचं काम चालूच होतं.

मंदिराच्या भिंती तळाशी ९ फूट जाड आणि वर ६ फूट. ऐकून वाटतं, याला काय होणार! पण भूकंपाच्या हिशेबात वजन हाच वैरी. जमीन जितक्या झटक्यानं हलते आणि इमारत जितकी जड, तितकं तिच्यावर येणारं बळ जास्त. आणि दगडी बांधकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. किल्लारीला १९९३ मध्ये दगड-मातीच्या जाड भिंतींनीच माणसं चिरडली.

यावर उपाय म्हणजे इमारत जमिनीपासून सोडवून घेणं. घरी करून पाहा. पाण्यानं भरलेला तांब्या पाटावर ठेवा आणि पाटाला हिसका द्या, पाणी सांडतं. आता पाट आणि फरशी यांच्यामध्ये एक फळी घाला, पाटाखाली चार गोट्या ठेवा आणि खालची फळी ओढा. फळी सरकते, पाट जवळपास जागच्या जागी. मंदिराखाली गोट्यांचं काम करायला ९८ भूकंपरोधक आधार योजले आहेत. ते इमारतीला मूळ जागी परतही आणतात. इमारत हलतेच, पण झटके न खाता काही सेकंदांच्या संथ झोक्यानं.

आधार घालायचे म्हणजे उभ्या मंदिराखाली शिरायचं. जुन्या पायाखालून आडवी भोकं पाडून त्यांत लोखंडी पाइप सारायचे, काँक्रीट भरायचं, आणि मग मंदिराचा भार हळूहळू नव्या पायावर घ्यायचा. दीडशे वर्षांत पायाला हात लागायची ही दुसरी वेळ. याच शहरातल्या १८९४ च्या नगरपालिका इमारतीला मात्र असे आधार १९८९ मध्येच मिळाले होते.

अशा वास्तूभोवती मग मोकळी चर सोडावी लागते, कारण मोठ्या भूकंपात मंदिर कुठल्याही बाजूला पाच फुटांपर्यंत सरकू शकतं. ही चर वरून झाकता येते, बुजवता येत नाही. तिच्यावरून जाणारी पायरी, पाण्याचा नळ, विजेची तार, सगळंच पाच फूट ढिलं ठेवावं लागतं.