तोंडातली गोष्ट कागदावर का आटते?

आजोळाहून परतलेल्या आठ वर्षांच्या पोराला सुट्टीत काय काय झालं ते विचारून बघा. विहिरीत पडलेलं मांजर, मामानं दोरीला बांधून सोडलेली टोपली, आजीचा आरडाओरडा, वर येताच मांजरानं मामाच्याच हातावर काढलेले ओरखडे... ऐकणाऱ्याचा घास हातातच राहतो. आता त्याच पोराला 'माझी सुट्टी' हा निबंध लिहायला बसवा. 'मी सुट्टीत गावाला गेलो. मला खूप मजा आली. मला माझे गाव खूप आवडते.' संपलं! मांजर कुठं गेलं?

मोठी माणसं लगेच निदान करून मोकळी होतात. पोरगं आळशी आहे, नाहीतर त्याला कल्पनाशक्तीच नाही. पण मघाशी जेवताना तर ती ओसंडून वाहत होती.

फ्रान्समधल्या बेआत्रीस बुर्दँ आणि मिशेल फायोल या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली यासंबंधी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शब्दांची यादी ऐकवायची आणि आठवतील तेवढे शब्द सांगायला लावायचे, एकदा तोंडी, एकदा लिहून. लहान मुलांना लिहिताना कमी शब्द आठवले. मोठ्यांचं तसं झालं नाही. पण मग मोठ्यांनाही सवय नसलेल्या, वळणदार कॅपिटल अक्षरांत लिहायला लावलं, आणि त्यांचीही आठवण घसरली.

काम चालू असताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणारी जी सोय मेंदूत असते, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिच्यात जागा फार थोडी. आपल्या हाताला अक्षरांचं वळण इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यासाठी ही जागा फारशी लागत नाही. मुलाची मात्र जवळजवळ सगळी तिथंच खर्च होते. त्यात आपली देवनागरी. एकच र, पण 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये पायाशी येतो, 'ट्रक'मध्ये वेगळाच दिसतो आणि 'दऱ्या'मध्ये आणखी निराळा. शिवाय वेलांटी पहिली की दुसरी? हे सोडवेपर्यंत मांजर विहिरीत गटांगळ्या खात असतं. पटत नसेल, तर डाव्या हातानं एक पानभर गोष्ट रचून पाहा (डावखुऱ्यांनी उजव्या).

यावरची सोपी युक्ती म्हणजे मुलानं सांगायचं आणि मोठ्यानं लिहायचं. कमीपणा वाटायला नको, हे काम खुद्द रशियन कादंबरीकार टॉलस्टॉयनं केलंय. यास्नाया पोल्याना या आपल्या गावी त्यानं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. एका म्हणीवरून गोष्ट लिहायला त्यानं स्वतः सुरुवात केली. मुलं भोवती जमली, चुका काढू लागली, आणि थोड्याच वेळात फेदका आणि स्योमका ही दोन पोरं सांगताहेत नि टॉलस्टॉय लिहून घेतोय असं दृश्य झालं. फेदकानं गोष्टीतल्या एका बाप्याच्या अंगावर घाईघाईत बाईमाणसाचा कोट चढवला. त्या एका तपशिलानं टॉलस्टॉय थक्क झाला. शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून लिहायला शिकावं की आपण त्यांच्याकडून, असा प्रश्नच त्यानं 1862 साली लेख लिहून विचारला.

मग हातानं लिहिणं सोडूनच द्यायचं का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या मेंदू-संशोधक कॅरिन जेम्स यांनी 2012 साली अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचे मेंदू तपासले, तेव्हा वाचनाशी निगडित भाग मुलांनी आधी स्वतः हातानं काढून शिकलेली अक्षरं बघताना जागे झाले, टाइप करून शिकलेली बघताना तसे नाही. अक्षर घोटायला हवंच. फक्त त्याची वेळ वेगळी ठेवावी. गोष्टीची वही ही शुद्धलेखनाची वही नव्हे. 'पाणी'चं 'पानी' झालं तर होऊ दे. लाल पेन हाती घेण्याआधी 'मग मांजराचं काय झालं?' असं विचारावं.

आणि बक्षिसाचं आमिष? स्टॅनफर्डच्या बालवाडीत 1973 साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढण्याची मुळातच हौस असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगून ठेवलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालंही. पण आठ-पंधरा दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे इतरांच्या निम्मा वेळच फिरकली. न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची हौस मात्र तशीच राहिली. प्रयोग चित्रांचा आहे हे खरं, तरी 'एक गोष्ट लिही, चॉकलेट देते' म्हणण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन.

यास्नाया पोल्यानाच्या शाळेत तर मार्कांची पद्धतही मागे पडत चालली होती. त्या म्हणीवरच्या गोष्टीचं हस्तलिखित पुढं इतर पोरांच्या कागदी खेळापायी नाहीसं झालं. टॉलस्टॉय फार हळहळला. तेव्हा फेदका आणि स्योमका एका रात्री त्याच्याच अभ्यासिकेचं दार लावून बसले आणि त्यांनी ती गोष्ट पुन्हा लिहून काढली.