आवाज आहे, चित्र नाही

मागच्या महिन्यात बातम्या सुरू असताना आमचा टीव्ही एकदम काळा झाला. आवाज मात्र खणखणीत येत होता, रिमोटने चॅनेलही बदलत होते. "गेला टीव्ही," आईने निकाल देऊन टाकला. मी खोलीतले दिवे मालवले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पडद्यापासून दोन-तीन बोटांवर तिरका धरला. उजेडाच्या त्या वर्तुळात निवेदिकेचा चेहरा दिसला. धुरकट, पण ओठ हलत होते. चित्र शाबूत होतं, विझला होता तो मागचा दिवा.

ही चाचणी घरोघरी माहीत असायला हवी. टीव्ही काळा पडला की तो भंगारात काढण्याचीच भाषा सुरू होते, आणि बिघाड कित्येकदा मागच्या एलईडींच्या पट्ट्यांपुरताच असतो.

घोळ 'एलईडी टीव्ही' या नावापासून सुरू होतो. नाव काहीही असो, यातल्या बहुतेक टीव्हींचा पडदा एलसीडीचाच असतो, म्हणजे द्रव स्फटिकांचा. १८८८ मध्ये फ्रीडरिश रायनिट्सर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्याच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचं त्याला आढळलं. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळून गढूळ व्हायचं आणि १७८.५ अंशांना नितळ. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रव स्फटिक. पदार्थ वाहतो, तरी त्याचे रेणू शिस्तीत रांगेत असतात, आणि जराशा विद्युतदाबाने ही रांग वळवता येते.

टीव्हीत हे स्फटिक दोन ध्रुवक पडद्यांच्या, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पातळ थरांच्या, मध्ये बसवलेले असतात. रेणू एका बाजूला वळले की प्रकाश आरपार जातो, दुसऱ्या बाजूला वळले की अडतो. थोडक्यात, ही एक झडप आहे. फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे जवळजवळ अडीच कोटी झडपा! त्यांतली एकही स्वतः उजेड देत नाही. उजेड येतो तो मागच्या एलईडींचा, म्हणजे बॅकलाइटचा. तो विझला तरी झडपा आपलं काम करत राहतात. टॉर्चचा प्रकाश समोरून आत जातो, मागच्या पांढऱ्या पत्र्यावर आपटून परत येतो आणि चित्र अंधुक का होईना, दिसतं.

या एलईडी रोषणाईच्या माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. एक जळली की मंडल तुटतं, आणि ही गडबड ओळखून टीव्हीतलं संरक्षक सर्किट बहुधा सगळा बॅकलाइटच बंद करतं. टीव्ही लावल्यावर सेकंदभर चित्र दिसून पुन्हा अंधार होत असेल, तर संशय इथेच घ्यावा. कधी कधी पट्ट्या ठीक असतात आणि त्यांना वीज पुरवणारा बोर्ड गेलेला असतो. ते मेकॅनिक मोजून सांगतो.

एलईडी जळतात त्या मुख्यतः उष्णतेने. पेटीतून काढलेला टीव्ही बऱ्याचदा भडक चित्राच्या मोडवर असतो, आणि आपण तो वर्षानुवर्षं तसाच चालवतो. घरातल्या संध्याकाळच्या उजेडात एवढी प्रखरता लागतच नाही. इथे एक गोष्ट नीट बघून घ्या. कित्येक टीव्हींत 'ब्राइटनेस' कमी केल्याने फक्त चित्रातला काळेपणा बदलतो, दिव्याला काही फरक पडत नाही. 'बॅकलाइट' नावाची वेगळी सेटिंग असते, ती खाली आणायची. वीज वाचते, डोळ्यांनाही बरं वाटतं.

हीच उष्णता आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे, आत द्रव असलेले छोटे डबे, तेही सुकवते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून टीव्ही चारी बाजूंनी बंद कपाटात कोंबू नये, भोवती दहाएक सेंटिमीटर मोकळी जागा असावी आणि मागच्या जाळीतली धूळ अधूनमधून ब्रशने झाडावी.

ओलेड प्रकारच्या टीव्हीचं गणित निराळं. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे एकच लोगो रोज तासन् तास एकाच जागी राहिला तर तिथले ठिपके लवकर थकतात आणि कायमचा डाग उमटतो. असे टीव्ही काही तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये ठिपक्यांची डागडुजी करतात. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद केलंत, तर त्यांना ती सवडच मिळत नाही.

पडद्यावर उभ्या रेघा आल्या तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेघा मेनूवरूनही जात असतील तर दोष टीव्हीतच आहे, बहुधा पॅनेलमध्ये. मेनू स्वच्छ दिसत असेल तर केबल किंवा सेट-टॉप बॉक्स तपासा. रिमोटची खात्री मोबाइलच्या कॅमेऱ्यातून होते, समोरचा कॅमेरा जास्त उपयोगी. बटण दाबल्यावर टोकाचा दिवा जांभळट लुकलुकला, तर रिमोट जिवंत आहे. टीव्ही नुसताच अडकून बसला असेल, तर प्लग काढून पाच मिनिटं थांबा. कपॅसिटरमधला भार उतरतो, तात्पुरती मेमरी पुसली जाते आणि तो नव्याने सुरू होतो.

रेघांचं एक कारण मात्र आपण हाताने ओढवून घेतो. पडद्यावर थेट फवारा मारला की थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतात, आणि पडद्याला संदेश पोचवणाऱ्या नाजूक फिती बऱ्याच टीव्हींत नेमक्या तिथेच चिकटवलेल्या असतात. काच पुसायच्या द्रावणातला अमोनिया वरचा लेप खातो, तो वेगळाच. टीव्ही बंद करून, गार झाल्यावर, कोरडं मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने फिरवा. डाग चिवट असेल तर कापडाचं टोक पाण्याने जेमतेम ओलं करा, पडदा नव्हे.

विजा कडाडत असतील तर प्लगबरोबर अँटेनाची आणि इंटरनेटची वायरही काढा, झटका तिथूनही येतो. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार काही काळ राहू शकतो.

आमच्या टीव्हीत एकच एलईडी जळाली होती. मेकॅनिकने तरीही सगळ्या पट्ट्या बदलल्या, कारण बाकीच्याही तेवढ्याच तापलेल्या आणि तेवढ्याच जुन्या होत्या. मग मी सेटिंग उघडली. बॅकलाइट शंभरवर होता. तो चाळीसवर आणला, आणि आईला फरक कळलासुद्धा नाही.